तेलाचं भांडं कुणी उचलायचं?

चरकाच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भवती बाईला कसं सांभाळावं याबद्दल एक सूचना आहे. तेलानं काठोकाठ भरलेलं भांडं जसं न हिंदकळवता हाताळतात, तसं तिला हाताळावं. आमच्या वर्ध्याकडच्या सासवांनी चरक वाचलेला नसतो, पण ही सूचना त्यांच्या अंगात मुरलेली असते. त्यांनी ती फक्त सोपी करून घेतली आहे. सांडायची एवढी भीती आहे तर भांडं उचलायचंच कशाला? म्हणून बऱ्या परिस्थितीतल्या घरात सुनेला दिवस गेले की तिला पलंग मिळतो, मोबाइल मिळतो, तुपातले लाडू मिळतात. आठव्या महिन्यात ती माझ्याकडे येते तेव्हा पायांवर सूज असते, कंबर धरलेली असते आणि जमिनीवर बसलं तर उठायला दोन माणसं लागतात.

सुश्रुत तर वरवर या सासवांच्याच बाजूचा दिसतो. गर्भिणीनं टाळायच्या गोष्टींत त्यानं व्यायाम घातला आहे. पण त्याच यादीत दिवसा झोपणं आहे, रात्रीचं जागरण आहे, वाहनावर चढणं आहे. यादीतलं सोयीचं तेवढं घरात शिरलं. दुपारी जेवून संध्याकाळपर्यंत झोपणाऱ्या सुनेला सुश्रुताची आठवण कुणी करून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि तिला स्कूटरवर मागे बसवून आर्वी नाक्यापर्यंत नेताना तर नाहीच नाही.

मी आरोग्य खात्यात नर्स होते. नोकरीची बरीच वर्षं देवळी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर गेली. आता नालवाडीत राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत गर्भवती बायांसाठी व्यायामाचा वर्ग घेते. वडील खादीच्या कामातले, त्यामुळे घरात सकाळी गीताई आणि संध्याकाळी सूत, हे लहानपणापासूनचं. विनोबांनी १९३०-३१ साली आईच्या इच्छेखातर गीता मराठीत आणली, ही गोष्ट आम्हाला कुठल्याही पुराणकथेच्या आधी कळली होती. हे सांगायचं कारण एवढंच की पुढं मी जो वाद घालणार आहे तो घरच्या माणसांशी घातलेला वाद आहे.

चरकाच्या त्या वाक्याकडे परत येते. ते नीट पाहिलं तर त्यात बाईला काहीच सांगितलेलं नाही. सूचना आहे ती भोवतालच्यांना. शिवाय भांडं हिंदकळू द्यायचं नाही म्हणजे ते हाताळायचं आहेच, नाहीतर सूचना कशाला लागली असती? धक्का नको, आदळआपट नको, एवढाच तिचा अर्थ. आज प्रसूतितज्ज्ञ ज्याला सांध्यांना धक्का न देणारा व्यायाम म्हणतात, त्याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. उड्या नाहीत, धावणं नाही, पोटावर भार नाही. चालणं आहे, पाण्यात पोहणं आहे (वर्ध्यात ते किती जणींना मिळणार हा भाग वेगळा), बसून वळणं आहे, श्वास आहे.

आता दुसरं भांडं. कीर्तनातली गोष्ट आहे, शुक जनकाकडे ज्ञान मागायला जातो तेव्हाची. जनक त्याच्या हातात तेलानं भरलेलं पात्र देतो आणि म्हणतो, हे घेऊन मिथिलेला फेरी मारून ये, थेंब सांडता कामा नये. बाजारात नाच चाललेत, गाणी चाललीत, शुकाचं लक्ष पात्रावर. बुद्धाच्या उपदेशातही असंच पात्र येतं, पण तिथं नेणाऱ्याच्या पाठीमागं उगारलेली तलवार घेऊन एक माणूस चालत असतो. थेंब सांडला की मुंडकं गेलं.

या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मला नोकरीत असल्यापासून सतावणारा प्रश्न उभा राहतो. पोटुशी बाई म्हणजे भांडं, की भांडं घेऊन चालणारी? ती भांडं असेल तर तिला विचारायचं काही कारण नाही, सांभाळणाऱ्यांनी ठरवायचं. ती चालणारी असेल तर तिचं लक्ष, तिची चाल, तिचं थांबणं हे तिचं आहे, आणि मग गीतेत कर्म करणाऱ्या माणसाला जे जे सांगितलंय ते सगळं तिलाही लागू होतं.

माझ्या वर्गात डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय मी कुणाला घेत नाही. वार खाली असेल, रक्त गेलं असेल, रक्तदाब चढला असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, तर चहा पाजून परत पाठवते. बाकीच्या सकाळी लवकर येतात, कारण उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५च्या आसपास जातो आणि तापलेलं अंग या दिवसांत चांगलं नाही. आधी गल्लीतून चालणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी सूचना काढली त्यात गर्भवतीनं, काही अडचण नसेल तर, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी असं म्हटलंय. मध्यम म्हणजे किती, हे मी घड्याळावर सांगत नाही. शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करायचा. गंमत म्हणजे सुश्रुतानं एरवीच्या माणसांसाठी व्यायामाची मर्यादा निम्म्या शक्तीपर्यंत ठेवली आणि तिची खूणही सांगितली, श्वास तोंडावाटे येऊ लागला की निम्मी शक्ती संपली. म्हणजे दम लागेपर्यंत करायचा तो व्यायाम, आणि गर्भिणीला त्यानं मना केला असेल तर तो तसला. चालताना सासूच्या तक्रारी सांगण्याला त्याची हरकत असावी असं वाटत नाही.

मग सतरंजीवर. घोट्यांची फिरवाफिरव, हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली नेणारं मार्जारासन, तळवे जुळवून गुडघे हलकेच हलवणं, भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरकणं, लघवी रोखून धरल्यासारखे ओटीपोटातले स्नायू आवळून सोडणं. चौथ्या महिन्यानंतर उताणं झोपून काही करायचं नाही, पोटातल्या मोठ्या शिरेवर भार पडतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. या दिवसांत अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढलेलं असतं, सांधे सैलावलेले असतात, तोल पुढं गेलेला असतो. म्हणून ताण द्यायचा तोही शेवटपर्यंत द्यायचा नाही. शेवट डावीकडे कुशीवर पडून.

आणि चक्कीचालनासन. पाय फाकवून समोर पसरायचे, हात गुंफायचे आणि जातं ओढल्यासारखे गोल फिरवायचे, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. कंबरेला आणि पोटाच्या बाजूंना हे फार चांगलं. सुनेला घ्यायला आलेली एक आजी दारात उभी राहून हे बघत होती. म्हणाली, "जातं नाई, दाने नाई, पीठ नाई. नुसत्याच फिरवून राह्यल्या वो सिस्टर. आमी नवव्या महिन्यातई दळलं, पर घरात भाकरी तं झाली."

आजीनं हसत हसत मांडलेला हा मुद्दा गांधींनी गंभीरपणे मांडला आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्रं लिहिली, ती पुढं 'मंगल प्रभात' म्हणून छापली गेली. त्यात शरीरश्रमाच्या व्रतावर लिहिताना ते गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशी जातात. यज्ञ केल्याशिवाय जो खातो तो चोरीचं खातो, असं तिथं म्हटलंय. यज्ञ म्हणजे भाकरीसाठी केलेले अंगमेहनतीचे कष्ट, असा अर्थ गांधी घेतात. या विचारामागं टॉलस्टॉय होता, त्याच्याही मागं बोंदारेव्ह नावाचा रशियन शेतकरी होता. मग ते विचारतात: श्रीमंतालाही भूक लागण्यासाठी हातपाय हलवावेच लागतात, तर मग ते हलवणं काही पिकवणारं, काही निर्माण करणारं का असू नये? शेतकऱ्याला काही कुणी प्राणायाम कर म्हणून सांगत नाही.

सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर बसून हा युक्तिवाद ऐकला की माझा वर्ग पाखंडच वाटतो. पीठ न देणारं दळण. सूत न निघणारा चरखा. वर्ध्यातल्या बऱ्या घरच्या बाया सकाळी माझ्याकडे येऊन जातं ओढल्याचं नाटक करतात, आणि त्यांच्या घरी त्याच वेळी भांडी घासायला आलेली बाई, कदाचित तीही पोटुशीच, खरंखुरं वाकत असते.

पण याच वर्ध्यात गांधींच्या सगळ्यात पक्क्या शिष्यानं काय केलं ते बघा. १९३८ साली विनोबांची प्रकृती पार खालावली. वजन ८८ पौंडांवर आलं. थंड हवेच्या ठिकाणी जा म्हणून त्यांना सांगण्यात आलं. ते गेले पवनारला, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाजांच्या रिकाम्या बंगल्यात. तिथं त्यांनी जमीन खोदायला घेतली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मग रोज थोडी थोडी वाढवत नेली. मध्ये थांबत, श्वास घेत. काही महिन्यांत वजन भरून आलं. आता सांगा, त्या पहिल्या पाच मिनिटांत कुठलं पीक निघणार होतं? तो व्यायाम होता, शुद्ध व्यायाम, कुदळीनं केलेला. आजच्या फिजिओथेरपीच्या पुस्तकात कमजोर माणसाला भार कसा वाढवत न्यावा हे जसं शिकवतात, तंतोतंत तसा. पवनारच्या त्या जमिनीतून पुढं खोदताना भरत-रामाच्या भेटीचं शिल्प निघालं, ते आजही आश्रमात आहे. पण कुदळ हातात घेतली ती शिल्पासाठी नव्हे.

म्हणून आजीला मी उत्तर दिलं ते विनोबांचं दिलं. म्हटलं, आजी, पीठ निघून राह्यलं ना, तिच्या पोटात. आजीला ते पटलं नाही. "थे तं तसंई निघते," ती म्हणाली.

हे मात्र माझ्या मनात रुतून बसलं, कारण गीतेतला सगळ्यात अवघड धागा आजीनं नेमका ओढला होता. पोटातलं मूल "तसंही" वाढतं. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला त्याचं काळीज हलू लागतं तेव्हा बऱ्याच बायांना दिवस गेल्याचं पक्कं कळलेलंही नसतं. बाई झोपलेली असताना त्याची बोटं फुटतात, ती भांडत असताना त्याचे डोळे होतात. तिच्या आयुष्यातलं एवढं मोठं काम तिच्या हातून होत असतं आणि त्यात तिचा हात नसतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला शहाणा म्हटलंय. मोठमोठ्या भाष्यकारांनी त्यावर पानं भरली. पोटुशी बाई कुणालाच दृष्टान्ताला सुचली नसेल का?

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आपल्याला 'गीता प्रवचने' मिळाली. तिथं चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा विकर्माचा एक वेगळाच अर्थ लावतात. इतर जण विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म म्हणतात. विनोबा म्हणतात, बाहेरून होतं ते कर्म, त्याला आतून मनाची जोड मिळते ते विकर्म. दोन्ही जुळली की कर्माचा भार उरत नाही, ते अकर्म होतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण कळलं ते सतरंजीवर. मोजून वीस वेळा हात फिरव म्हटलं की पोरी सोळाव्यालाच कंटाळतात, एकमेकींकडे बघतात. तेच, श्वास सोडताना पोटातलं बाळ कुठल्या बाजूला सरकतंय ते बघ म्हटलं की मोजणं विसरतात. खोली शांत होते. मग मला थांबा म्हणावं लागतं. बाळंतपणाच्या कळांतही हेच कामाला येतं. कळ ही बाई करत नाही, ती येते. तिच्याशी झगडणारी लवकर थकते. श्वासाबरोबर तिला येऊ देणारी थकते, पण कमी. प्रसूतिगृहात उभं राहून मी हे इतक्या वेळा पाहिलंय की विनोबांचं हे सूत्र मी शरीरशास्त्रातच धरते.

इथं एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती पुढं अडेल. मनाची जोड म्हटलं की लगेच गर्भसंस्कारवाले येतात. आईनं हे ऐकलं तर बाळ असं होतं, ते केलं नाही तर तसं. अभिमन्यूची गोष्ट तोंडपाठ असते: सुभद्रेला झोप लागली म्हणून पोराला चक्रव्यूहातून बाहेर पडता आलं नाही. म्हणजे सहा महारथी मिळून एका पोराला मारतात आणि खापर फुटतं झोपलेल्या पोटुशी बाईवर! गांधीही यातून सुटले नाहीत. आत्मकथेत ते लिहितात की मुलाचं शिक्षण गर्भापासून सुरू होतं, आईच्या मनःस्थितीचा, राहणीचा परिणाम होतो. पण त्याच गांधींनी डॉ. त्रिभुवनदासांचं आईसाठी लिहिलेलं पुस्तक वाचून तयारी केली होती, आणि १९०० साली कस्तुरबांच्या शेवटच्या बाळंतपणात डॉक्टर वेळेवर मिळाला नाही तेव्हा देवदासचा जन्म स्वतःच्या हातानं निभावला. हे मला त्यांच्या मतापेक्षा मोठं वाटतं. माझ्या वर्गात व्यायाम चुकला म्हणून रडणारी पोरगी आली की मी तिला सांगते, झोप लागली तर झोप. बाळाचं काही बिघडत नाही, लोहाची गोळी मात्र चुकवू नको.

आणखी एक. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाबरोबरच ब्रह्मचर्यही आहे. पवनारला १९५९ साली विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, बायांसाठी, ब्रह्मचर्य घेतलेल्या बायांसाठी. त्यांची शेती, त्यांचं सफाईचं काम, त्यांचा सामूहिक कारभार यांबद्दल मला मनापासून आदर आहे. स्त्रीनं स्त्रीच्या बळावर ब्रह्मविद्या करावी हे म्हणणारा माणूस आपल्याकडं विरळाच. तरी प्रश्न राहतो. शरीरश्रमाचं तत्त्वज्ञान ज्या घरात तयार झालं त्या घरात पोटुशी बाई बसायची कुठं? तिच्यासाठी त्या व्रतात वेगळी ओळ नाही. कधी वाकायचं, किती उचलायचं, कुणी थांब म्हणायचं, हे तिथं कुणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहिणाऱ्यांना ते कधी लागलं नाही.

शेतकऱ्याला कुणी प्राणायाम कर म्हणून सांगत नाही, असं गांधी म्हणाले होते. मी सांगितलाय. देवळी तालुक्यात, कापसाच्या वावरात, बांधावर बसून.

वेचणीचे दिवस होते. पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडे वावरात सीतादही करतात, दहीभात ठेवतात, मग वेचायला लागतात. मी लसीकरणाच्या फेरीवर निघालेली. एका टोळीत सातव्या महिन्यातली एक बाई होती. कंबरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत चाललेला, वर पोट, आणि ती दोन्हींच्या भारानं पुढं झुकलेली. मी तिला बांधावर बसवलं, पाठ सरळ करून खांदे मागं कसे न्यायचे, हातापायांवर ओणवं होऊन कंबर कशी मोकळी करायची, लांब श्वास कसा सोडायचा, ते दाखवायला लागले. ती हसली. सगळ्याच हसल्या. "आमाले कायचा व्यायाम वो सिस्टर? दिवसभर वाकूनच तं रायतो."

वैद्यकाच्या बाजूनं याला उत्तर आहे, आणि ते गांधींनाही लागू होतं. वेचणी हा व्यायाम नव्हे. ती एकाच बाजूची झीज आहे. तासन्‌तास कंबरेतून वाकणं, भार पुढं लटकलेला, ऊन, आणि लघवीला आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात, त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, त्यातून कधी कधी वेळेआधी कळा. दिवसाच्या शेवटी कापसाचं गाठोडं डोक्यावर. म्हणून शेतकरणीलाही प्राणायाम सांगावा लागतो. जे सांधे कामानं आवळले ते उलट्या दिशेनं सोडवायला लागतात. पलंगावरच्या सुनेला हालचालीची गरज असते आणि या बाईला वेगळ्या हालचालीची, आणि त्याहून जास्त म्हणजे बसण्याची.

पण बसायचं कसं? वेचणी किलोवर असते. जितका कापूस तितकी मजुरी. ती बसली की पैसे बसले. माझ्या वर्गातली पोरगी शेजारणीशी बोलताना वाक्य तुटलं की वेग कमी करते. ही बाई दम लागला तर वेग कमी करू शकते का? करू शकते, कुणी चाबूक घेऊन उभा नाही. पण संध्याकाळी काटा असतो.

आणि इथं मी विनोबांशी भांडते. मनाची जोड दिली की कर्माचा भार उतरतो हे खरं असेल, पण ते सांगायचं कुणाला? पवनारला कुदळ घेणाऱ्या विनोबांना पाच मिनिटांनी कुदळ खाली ठेवता येत होती. माझ्या सतरंजीवरच्या बायांना ठेवता येते. ज्याला भार खाली ठेवता येतो त्यालाच भार हलका करायची विद्या शिकवावी. कापूस वेचणाऱ्या पोटुशी बाईला, तू मन लाव, भार जाणवणार नाही, असं सांगणं मला अध्यात्म वाटत नाही. मालकाला ते फार आवडेल, एवढं नक्की. बुद्धाच्या उपदेशातला तो पात्र नेणारा माणूस एकाग्र होता यात शंका नाही, पण त्याच्या मागं तलवार होती. तिथं तो दृष्टान्त आहे, भिक्षूनं समजून घ्यायचा. वावरात तो दृष्टान्त राहत नाही.

गीता सहाव्या अध्यायात युक्त आहार, युक्त विहार, युक्त झोप आणि युक्त जागं राहणं सांगते. हे युक्त म्हणजे किती, हे ठरवायची मोकळीक ज्याला आहे त्याच्याशीच तो श्लोक बोलू शकतो. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, रावेरीला सीतेचं मंदिर आहे. रामाशिवाय एकटीची सीता. लोक सांगतात, लव-कुशांच्या वेळची सीता गावात पसाभर गहू मागायला आली, गावानं दिले नाहीत, तिनं शाप दिला आणि तिथं गहू पिकेना. पुढं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि टाकलेल्या बायांचा प्रश्न तिथं मांडला. वाल्मीकीच्या आश्रमात सीतेला आराम मिळाला असं आपण धरून चालतो. रावेरीच्या लोकांनी तिच्या हातात रिकामी ओंजळ दिली आहे. गर्भारपणात काय हालचाल योग्य आणि काय अयोग्य, या चर्चेत मला ही ओंजळ सारखी दिसते.

कायद्याला हे अगदीच कळलं नाही असं नाही. १९६१ साली प्रसूती लाभ कायदा झाला, त्यात बाळंतपणाच्या आधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, बाईनं मागणी केली तर, तिला कष्टाचं किंवा बराच वेळ उभं राहायचं काम देऊ नये अशी तरतूद आली. कारखान्यातल्या, मळ्यातल्या बायांना तिचा आधार होता. रोजंदारीवर दुसऱ्याच्या वावरात जाणारी कापूसवाली त्यात बसत नव्हती. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी, कागद नीट असतील तर. वेचणीच्या हंगामात घरी बसलेल्या बाईची बुडालेली मजुरी त्यात किती भागते, हे कुठल्याही शेतमजूर बाईला बोटांवर सांगता येईल.

त्या दिवशी बांधावर मी गप्प बसले होते, कारण मला पुढं काही सुचत नव्हतं. टोळीतली वयानं मोठी बाई, तिला सगळ्या मावशी म्हणत, तीच बोलली. "सिस्टर खरं सांगून राह्यली. हिनं आता वरचे वरचे बोंडं वेचाचे, वाकाचं नाई. खालचे आमी घेतो." दुसरी म्हणाली, "अन् वजन?" मावशीनं क्षणभर विचार केला. सगळ्यांचा कापूस एकत्र मोजायचा आणि मजुरी सारखी वाटायची, असं तिनं सांगितलं. एकीनं तोंड वाकडं केलं, तिचा हात सगळ्यात चपळ होता, तिचंच नुकसान होतं. मावशी तिला म्हणाली, "तुह्या येळी कोन वेचलं होतं वं?"

पुढच्या फेरीला गेले तेव्हा ती सातव्या महिन्यातली बाई उभ्यानंच वेचत होती. मधूनच बांधावर जाऊन हातापायांवर ओणवी होत होती आणि टोळीतल्या पोरी तिला मांजर म्हणून चिडवत होत्या. चपळ हाताची मात्र टोळी सोडून गेली होती. मावशीनं तिच्याबद्दल फार काही सांगितलं नाही. "तिलेई लेकरं हायेत," एवढंच म्हणाली, आणि गाठोडं बांधायला वाकली.